माळावरचे तीन डाग

सुलूच्या हातात जादू आहे असं बोईसरात जो तो म्हणायचा, आणि म्हणणाऱ्यांतले निम्मेअधिक तिच्याच हातून गोरे झालेले असायचे. स्टेशनाजवळच्या स्टुडिओत फोटो काढायचा तो तिचा नवरा, विश्राम. पाटी त्याच्या नावाची, कॅमेरा त्याचा, ‘हलू नका’ म्हणायचा मानही त्याचाच. पण देवीचे व्रण बुजवणं, डोळ्यांखालचं काळं घालवणं, लग्नाच्या मुलीला दोन छटा उजळ करणं ही सगळी करामत आतल्या खोलीत बसून सुलू करायची. लग्न जमलं की पेढे मात्र विश्रामला मिळत.

काम तसं मान मोडणारं. फोटो काचेच्या प्लेटीवर निघायचा आणि प्लेटीवर सगळंच उलटं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. तिरक्या मेजावर काच उलटी ठेवायची, खालून आरशानं उजेड पाडायचा, वर भोक पाडलेला पुठ्ठा ठेवायचा आणि त्या रुपयाएवढ्या भोकातून दिसेल तेवढ्यावरच नजर लावायची. आधी काचेवर पातळ व्हार्निशचा हात द्यायचा, मग सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं बारीक रेघा ओढायच्या. जिथं पेन्सिल फिरली तिथं कागदावर उजळ येणार. पेन्सिलीनं फक्त उजळ होतं; एखादी जागा काळी करायची तर चाकूनं खरवडावं लागतं, आणि सुलूनं चाकू कधी हातात धरला नव्हता. भोकातून नाक दिसतंय की कोपर, हे पुष्कळदा तिला कळतही नसे. विश्राम म्हणेल तो डाग, आणि डाग तो घालवायचा, असा त्या घरचा रिवाज होता.

सहासष्ट साल नुकतंच लागणार होतं. तारापूरच्या किनाऱ्याला मोठं काम निघालं होतं आणि कुठकुठचे कामगार बोईसरात उतरत होते. प्रत्येकाला गेटपाससाठी फोटो हवा. ‘बाबूजी, जल्दी खींच दो’ म्हणत ते दारात रांग लावत आणि विश्रामची छाती इंचाइंचानं फुगत चालली होती. स्टुडिओची खोली नि मागचं बिऱ्हाड, दोन्ही प्रतापशेठच्या मालकीचं. हा प्रताप विश्रामचा शाळेतला सोबती. चिंचणीच्या शाळेत दोघं एका बाकावर. पुढे एक शेठ झाला नि दुसरा त्याचा भाडेकरू, एवढाच काय तो फरक. रस्त्याच्या कडेच्या जमिनींना अचानक सोन्याचा भाव आल्यापासून प्रतापशेठला आपल्या वाडवडिलांच्या सगळ्या माळरानांची एकदम आठवण यायला लागली होती.

सुलूच्या दारी भागी यायची. बेटेगावच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला तिचा पाडा. डोक्यावर गवताचा नाहीतर लाकडांचा भारा घेऊन ती बाजाराला उतरायची आणि भारा विकून झाला की सुलूच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायची. कधी पानात बांधून करवंदं आणायची, कधी नुसत्या गप्पा. सुलूचं माहेर केळव्याच्या वाड्यांमधलं. इथं बोईसरात तिला जीव लावणारं माणूस म्हणजे ही एक भागीच. मूलबाळ अजून नव्हतं, आणि त्यावरून टोमणा न मारणारी सबंध गावातली एकटी बाईही भागीच होती.

मार्गशीर्षात एके सकाळी भागी आली ती भारा न घेताच.

“आमी जातो आता मिठागरावर,” ती म्हणाली. “होळीला येऊ. पण बाय, यंदा जीव थाऱ्यावर नाय. परतापशेठचा माणूस येऊन म्हणला, ही जमीन पडीक हाय, तुमी कसत नाय.”

“कसत नाय म्हणजे? तुझा सासरा कसायचा ना तीच जमीन?”

“तोच कसायचा. आता भिका कसतो. पालघरच्या कचेरीत अर्ज केलाय भिकानं. होळीनंतर तारीख पडंल म्हणतात.” भिका म्हणजे तिचा नवरा. “म्हणून दरसाली माघात लावतो तो राब यंदा आताच लावला. तीन चौकोन. शेण, पाला, फांद्या, गवत, वर माती. कोण बघाय आला तर त्याला दिसंल तरी. कोणी पडीक जमिनीत राब लावतो काय?”

राब म्हणजे काय हे सुलूला कुणी सांगायला नको होतं. जिथं भाताची रोपं करायची तो तुकडा असा पालापाचोळ्यानं झाकून ठेवायचा, उन्हाळ्यात पेटवायचा, त्या राखेत पाऊस पडला की बी टाकायचं. “राब लावला की आमचं साल सुरू झालं,” भागी म्हणाली. “बुधी ऱ्हाईल मागं, राखण करायला. माजी सासू. तिला आता मिठात उभं ऱ्हावत नाय.”

त्या दुपारी विश्रामला जेवायला वाढताना सुलूनं हे सगळं सांगितलं. नवऱ्याला नाही सांगायचं तर कुणाला? राब, तीन चौकोन, पालघरची तारीख, मागं राहिलेली म्हातारी, काही बाकी ठेवलं नाही. विश्राम मान हलवत जेवला आणि “बिचारी माणसं” एवढं म्हणाला. चांगल्या माणसानं म्हणावं तसंच म्हणाला.

पौष लागला तशी थंडी पडली. आपल्याकडची थंडी ती केवढी, पण सकाळी शिवारावर धुकं उतरायचं आणि ताडांची नुसती डोकी वर दिसायची. एका पहाटे विश्राम कॅमेरा, तिवई आणि प्लेटींची पेटी सायकलला बांधून निघाला. माणसांची तोंडं काढून कंटाळा आला, म्हणाला. थंडीतला एखादा मोकळा माळ काढायचाय. दुपारी परत आला तो तापल्यासारखा बोलत सुटला. कसं ऊन कोवळं होतं, कसं धुकं जमिनीवरून उठत होतं, नवं वर्ष उजाडताना बघावं तसं कसं वाटलं. सुलूला बरं वाटलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि इतकं गोड तो तिच्याशी पहिल्या सहा महिन्यांतच काय तो बोलला असेल.

“बेटेगावकडं गेला होतात काय? भागीची सासू भेटली?” तिनं सहज विचारलं.

“बेटेगाव? छे. वाणगावच्या अंगाला गेलो होतो.”

दोन दिवसांनी त्यानं प्लेट तिच्या मेजावर ठेवली. “प्रतापला पाहिजे हा फोटो. मोठा करून, फ्रेम करून. जपून कर. धुताना औषध नीट निघालं नाय, तीन ठिकाणी डाग राहिलेत. खुणा केल्यात बघ कडेला. आणि तिसऱ्याच्या बाजूला एक धुळीचा कण बसलाय, तोही काढ.”

“आधी एक छाप काढून बघू का?”

“कागद महाग झालाय. साफ कर, मगच छापू.”

सुलू बसली. भोकातून बघायला लागली तर पारदर्शक ठिपक्यासारखा एक चौकोनी तुकडा, आजूबाजूला करडं. औषधाचे डाग असे चौकोनी कसे, हा प्रश्न तिच्या मनात आलाच नाही असं नाही. आला. पण नवरा म्हणतोय म्हणजे प्लेट कॅमेऱ्यातल्या चौकटीला चिकटली असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. समजूत घालून घ्यायला आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. चार दिवस ती मान खाली घालून रेघा ओढत राहिली. करड्यात करडं मिसळत गेलं. शेवटच्या दिवशी तो धुळीचा कण. जोंधळ्याच्या दाण्याएवढाही नव्हता. दहाबारा रेघांत गेला. विश्राम शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होता. “वा,” म्हणाला, “सोन्यासारखा हात आहे तुझा.”

छाप निघाला तेव्हा सुलूचेच डोळे निवले. लांबवर डोंगराची रेघ, मधे धुक्याचा पट्टा, अलीकडे रिकामा, गुळगुळीत, उन्हानं नुकताच उजळलेला माळ. एका बाजूला मोडक्या फांदीचं एक झाड. बाकी काही नाही. असं वाटायचं की या जागेवर अजून कुणाचंच पाऊल पडलेलं नाही. तिनं एक छाप विश्रामला न विचारता स्वतःच्या देवघराशेजारी लावला आणि सकाळी उठल्यावर तो बघायची तिला सवय लागली.

शिमग्याच्या आठ दिवस आधी प्रतापशेठ स्वतः पत्रिका घेऊन आला. गुढीपाडव्याला भूमिपूजन. बेटेगावच्या रस्त्याला तो बर्फाचा कारखाना काढणार होता. पत्रिकेवर तोच फोटो, खाली अक्षरं: ‘मोकळी भूमी, नवी सुरुवात’.

“वहिनी, तुमच्या हाताची कमाल,” तो म्हणाला. “आणि विश्रामला सांगितलंय, कारखान्याच्या पुढं दुकानं बांधतोय, पहिलं त्याचं. काचेच्या शोकेससकट.”

सुलू हरखली. वाणगावचा फोटो बेटेगावच्या पत्रिकेवर कसा, हे विचारायचं सुचलं ते शेठ गेल्यावर. विश्राम म्हणाला, “माळ तो माळ. पत्रिकेला काय कळतंय?” तेही तिला पटलं.

होळीनंतर चौथ्या दिवशी भागी आली. इतकी वाळली होती की सुलूनं आधी तिला ओळखलंच नाही. ओट्यावर बसली, पाण्याला हात लावला नाही.

“बुधी गेली,” ती म्हणाली. “माघात. ताप आला. पाड्यातल्या लोकांनी माती दिली. आमाला निरोप मिळाला तो होळीला घरी आल्यावर.”

सुलू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“आन राब नाय,” भागी म्हणाली. “तीनही नाय. कोणी उचलून नेला, वर मुरूम टाकला, जमीन सपाट केली. लाकडाचे खांब ठोकलेत. भिका म्हणतो, आता परवाच्या तारखेला काय दाखवणार? राब व्हता हे बुधीला ठावं, आन बुधी नाय.”

“असं कसं? आत चल, चार घास खाऊन घे, मग बघू,” असं म्हणत सुलूनं तिला ओढतच आत नेलं. आणि आत देवघराशेजारी भागी जागच्या जागी थांबली. फोटोजवळ गेली. बोट लावलं.

“हा आमचा मोव्ह,” ती म्हणाली. मोव्ह म्हणजे मोहाचं झाड. “ही फांदी वीज पडून मोडली. हा आमचा डोंगर. हा बांध.” बोट बांधावरून अलीकडे आलं आणि गुळगुळीत उजेडात फिरत राहिलं. “फोटो कवाचा?”

“पौषातला.”

“पौषात राब व्हता. बुधी व्हती. मंग हितं राब कुठं हाय?”

सुलूला एकदम आठवलं. तीन डाग. तीन चौकोन. भागीनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि न जेवताच निघून गेली.

विश्राम बाहेर गेला होता. सुलूनं स्टुडिओचं दार लावलं, पेटीतून प्लेट काढली आणि पेन्सिलीच्या रेघा उतरवायला टर्पेंटाईनचा बोळा केला. तिसऱ्या खुणेजवळ, जिथं तो धुळीचा कण होता, तेवढाच कोपरा तिनं पुसला. त्या कोपऱ्यावरची सगळी मेहनत चार फेऱ्यांत कापसावर आली. मग काळोख्या खोलीत लाल दिवा लावून तिनं त्या कोपऱ्याचा छाप काढला आणि कागद डेव्हलपरच्या औषधात सोडला.

आधी बांध आला. मग राब, काळाभोर, कडा नीट दाबलेला, वर दगड ठेवलेला. आणि त्याच्या बाजूला तो कण. कण हळूहळू उभा राहिला. त्याला डोकं आलं, वाकलेली पाठ आली, हातात काठी आली. म्हातारी कॅमेऱ्याकडं तोंड करून उभी होती. कुणीतरी तिला सांगितलं असणार, हलू नका म्हणून. ती हलली नव्हती.

सुलू तिथंच भुईवर बसली. चार दिवस, चार दिवस आपण मान मोडून या बाईला पुसत होतो. आणि शेजारी बसून चहा पिणाऱ्याला ते माहीत होतं. तिला रडू आलं नाही. राग आला. भिकाच्या तारखेचं, राबाचं, एकट्या म्हातारीचं शेठच्या कानावर गेलं कुठून? आपल्याच ताटावरून. भागीनं विश्वासानं ओट्यावर ठेवलं ते आपण नवऱ्याला वाढलं, आणि त्यानं ते उचलून शेठच्या पानात घातलं. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथं कुंपणाच्या बायकोनंही हातभार लावला होता.

तरी तिनं एक संधी दिली. माणूस सहा वर्षांच्या संसाराला तेवढी देतोच. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “तो माळाचा फोटो काढलात ना, तिथं तेव्हा कुणी होतं काय हो?”

“कुत्रं नव्हतं,” विश्राम म्हणाला. “आणि परवा मी पालघरला चाललोय, कागद नि प्लेटी आणायला. यायला उशीर होईल.”

छाप तिच्या पदराखाली, कमरेला खोचलेला होता. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

परवाच्या दिवशी तो सकाळच्या एस.टी.नं गेला. ती मागच्या एस.टी.नं. पिशवीत दुपट्यात गुंडाळलेली प्लेट, टर्पेंटाईनची बाटली, कापूस आणि तो छाप. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात भागी आणि भिका उकिडवे बसले होते. भागीनं तिला बघितलं आणि तोंड फिरवलं. आतून विश्रामचा आवाज येत होता.

“जानेवारीत मी स्वतः काढला साहेब. प्लेटीवरून सरळ छापलाय, काही फेरफार नाही. जमीन रिकामीच होती. राब नव्हता, माणूस नव्हतं.”

शपथेवर बोलत होता. मामलेदारसाहेबांच्या मेजावर ती सोनेरी फ्रेम उभी होती. शेजारी प्रतापशेठ, त्याचा वकील. साहेब फोटो बघून भिकाला म्हणत होते, “बाबा रे, कागदावर जमीन पडीक लागली आहे आणि या फोटोतही काही दिसत नाही. तुझ्याकडे काही पुरावा आहे का?”

“माज्याकडं आहे,” सुलू दारातूनच म्हणाली.

सगळे वळले. विश्रामच्या चेहऱ्यावरचं रक्त कुणी पुसून घेतलं असावं तसा तो दिसायला लागला.

“तुम्ही कोण बाई?”

“ह्यांची बायको. ही प्लेट ह्यांनी काढली, पण साफ मी केली.” तिनं दुपटं सोडलं, काच मेजावर ठेवली, शेजारी छाप ठेवला. तीन डाग, औषधाचा बहाणा, पेन्सिल, सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

वकील हसला. “साहेब, ही बाई पुसायला एवढी तरबेज असेल तर काढायलाही असेल. राब नि म्हातारी घरी बसून काढली नसेल कशावरून?”

आपलीच करामत आपल्या गळ्याशी आलेली सुलूला दिसली. मग तिनं काच उचलली. “साहेब, पेन्सिलीनं काळ्याचं पांढरं करता येतं, पांढऱ्याचं काळं नाय. ते करायचं तर चाकूनं खरवडावं लागतं आणि खरवडलेलं तिरक्या उजेडात लपत नाय. हा कोपरा मी घरी पुसला. खिडकीशी धरून बघा, एक ओरखडा सापडला तर मला खोटी म्हणा. बाकीचे दोन अजून तसेच ठेवलेत. ते इथं पुसते, तुमच्या डोळ्यांदेखत.”

साहेब काच घेऊन खिडकीशी गेले. तिरकी धरली, सरळ धरली, नखानं चाचपली. मग परत येऊन म्हणाले, “पुसा.”

टर्पेंटाईनचा वास खोलीभर पसरला. बोळा एकदा फिरला, दोनदा फिरला. कापूस काळा झाला आणि काचेवर, करड्याच्या मधोमध, स्वच्छ चौकोन उघडला. मग दुसरा. साहेबांनी काचेखाली पांढरा कागद धरला, छापातला चौकोन बघितला, काचेवरचे तीन मोजले.

“हा फोटो त्याच जमिनीचा कशावरून?” वकिलानं शेवटचा प्रयत्न केला.

“ते तर तुमच्या अशिलानंच लिहून दिलं आहे,” साहेब म्हणाले. “आणि विश्रामराव, तुम्ही आत्ता शपथेवर काय सांगितलंत ते पुन्हा सांगता का?”

शेवटी साहेबांनी लिहवून घेतलं: जमीन कुळाच्या वहिवाटीत होती, पुढचा हुकूम होईपर्यंत शेठनं तिला हात लावू नये, मुरूम काढून द्यावा, यंदाची पेरणी भिकानं करावी. छाप दप्तरी ठेवून काच त्यांनी सुलूला परत दिली. भिका हात जोडून तसाच उभा राहिला. त्याला दोनदा सांगावं लागलं की झालं, आता जा.

प्रतापशेठ जाता जाता तिच्यापाशी थांबला. “वहिनी, खोली महिनाअखेर मोकळी करा,” एवढंच बोलला, तेही अगदी गोड.

एस.टी. स्टँडवर विश्राम तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडलंस.”

“राबाला तुमी डाग म्हणालात,” सुलू म्हणाली. “माणसाला धुळीचा कण म्हणालात. ती म्हातारी तुमच्या सांगण्यावरून उभी राहिली होती ना?”

“पाणी दिलं होतं तिनं मला,” तो हळूच म्हणाला, आणि मग एकदम चिडून, “मी कुणासाठी केलं? पक्कं दुकान मिळत होतं. नव्यानं सुरुवात झाली असती आपली!”

“मला का सांगितलं नाय मग?”

“सांगितलं असतं तर तू केलं नसतंस.”

हे मात्र त्यानं खरं सांगितलं. तेवढं ऐकल्यावर सुलूला त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही. गाडी आली तेव्हा ती पुढच्या बाकावर बसली आणि तो मागच्या.

पाडव्याला भूमिपूजन झालं नाही. विश्राम नवी खोली शोधायला डहाणूला गेला होता. सुलू केळव्याला जायचं म्हणून बांधाबांध करत होती. परत यायचं की नाही हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. तेवढ्यात ओट्यावर भागी दिसली. उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

“बुधीचा फोटो पायजे,” ती म्हणाली. “आमच्याकडं तिचा एक पण नाय. जमीन नको त्यात. बुधी एवढीच दे.”

“देते. आत्ता देते.” सुलूला इतका आनंद झाला की बांधलेलं सामान तिनं सोडलं. काळोख्या खोलीत जाऊन फोटो मोठा करायचं यंत्र वर, आणखी वर चढवत तिनं त्या दाण्याएवढ्या बाईला हाताच्या पंजाएवढी केली. पण दाणा तो दाणा. मोठी केली तशी बुधी विरत गेली. काठी कळत होती, पाठ कळत होती, चेहऱ्याच्या जागी नुसते पाचसहा करडे ठिपके. ओला कागद घेऊन ती बाहेर आली.

“तोंड नीट नाय आलं गं,” ती म्हणाली. “पण तू सांग, नाक कसं होतं, डोळे कसे होते. मी बसते. दोन दिवसांत अशी करून देते की बोलेल तुझ्याशी.” हात आपोआप मेजाकडं, पेन्सिलीकडं गेला होता.

भागीनं झटकन कागद तिच्या हातातून काढून घेतला.

“नको,” ती म्हणाली. “तू हात लावू नको. हाय तशी दे.”

कागद अजून ओला होता. तिनं तो दोन्ही तळव्यांवर आडवा धरला, पायरी उतरली आणि तसाच धरून बेटेगावच्या रस्त्याला लागली. सुलू दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली, मग आत येऊन उरलेलं सामान बांधायला बसली. पेन्सिली तेवढ्या तिनं मेजावरच ठेवल्या.